इंजिन बांधायचे की बदलायचे? आधी मोजमाप, मग निर्णय

नांदेड आणि लातूर भागातल्या वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. गाडी टर्बो पेट्रोलची, पळायला ताकदवान: फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, स्कोडाची ऑक्टाव्हिया, मारुतीची बलेनो आरएस किंवा फियाटची अबार्थ पुंटो. बहुतेक वेळा ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. लाख-सव्वा लाख किलोमीटर झाल्यावर ती ऑइल खाऊ लागते, पिकअप जातो, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो. मग तीन ठिकाणी तीन सल्ले मिळतात. शोरूम म्हणते नवीन इंजिन टाका. ओळखीचे मिस्त्री म्हणतात बांधून घ्या, पुन्हा पाच-सात वर्षे बघायला नको. तिसरा म्हणतो, मुंबईहून किंवा हैदराबादहून उतरवलेले इंजिन आणतो आणि चार दिवसांत गाडी हातात देतो. तुम्ही गोंधळता ते साहजिक आहे, कारण तिन्ही सल्ले ऐकायला पटणारे असतात आणि तिघेही आपापले काम जाणतात.

मात्र ज्याच्याकडे जे विकायला असते तेच तो सुचवतो. तुमच्या इंजिनाची नेमकी किती झीज झाली आहे, हे या तिघांपैकी बहुधा कोणीही मोजलेले नसते. या लेखाचे म्हणणे असे: हा निर्णय किलोमीटर पाहून, धूर पाहून किंवा भाव ऐकून करू नका, आकडे पाहून करा. आकडे हाती आले की क्रम सरळ लागतो. ब्लॉक आणि क्रँक मर्यादेत असतील तर स्वतःचेच इंजिन नीट बांधून घ्या. ते गेले असतील तर कंपनीचा नवीन ब्लॉक घ्या. दुसऱ्या गाडीतून उतरवलेले इंजिन हा शेवटचा पर्याय ठेवा, तोही पूर्ण कागदपत्रांसह.

इंजिन खरोखर झिजले आहे का?

टर्बो पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारायलाच हवा, कारण इंजिन गेल्यासारखी दिसणारी अनेक लक्षणे इंजिनाबाहेरची असतात. यांतल्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक वॉल्व्हवरून जाताना तो धुतला जायचा, तसे इथे होत नाही. ऑइलची वाफ वॉल्व्हच्या मागच्या बाजूला बसून जळते आणि कार्बनचा जाड थर साचतो. हवा कमी जाते, गाडी मरगळते, सकाळी थरथरते. यावर इलाज मॅनिफोल्ड काढून वॉल्व्ह साफ करण्याचा आहे, पिस्टन-रिंग बदलण्याचा नाही. तसेच इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर काढणारा पीसीव्ही वॉल्व्ह फाटला तरी ऑइल कमी होते. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.८ आणि २.० टीएसआयमध्ये हा दोष सर्वांना माहीत आहे, आणि तो भाग पूर्ण इंजिनाच्या तुलनेत किरकोळ खर्चात बदलतो. या इंजिनांच्या एका जुन्या पिढीत पिस्टनच्या ऑइल रिंगच कमकुवत होत्या, हेही तितकेच खरे. म्हणून नुसत्या तर्काने कोणताही निष्कर्ष काढू नका.

धूर काही प्रमाणात वाट दाखवतो:

- गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या मिनिटात निळा धूर आणि मग बंद: वॉल्व्हचे सील.
- चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर: रिंग किंवा सिलिंडरचा बोअर.
- सिग्नलला उभे राहून निघताना निळा लोट: टर्बोचे सील किंवा वॉल्व्हचे गाइड.
- गोडसर वासाचा पांढरा धूर आणि कूलंट कमी होणे: हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

यानंतर तीन चाचण्या करून घ्या आणि तिन्हींचे आकडे कागदावर मागा. पहिली ऑइलची. सपाट जागी, इंजिन गरम असताना डिपस्टिकवर खूण करा, १,००० किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती लागले ते मोजा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मालक-पुस्तिकांत दर १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर चालण्याजोगा धरलेला आहे. तुमची गाडी त्याहून बरीच कमी पीत असेल तर इंजिन उघडण्याची घाई कशासाठी? दुसरी कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलिंडरचा दाब वेगवेगळा लिहून घ्यायचा, मग ज्यात कमी आला त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर दोष रिंगकडे, जैसे थे राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. तिसरी लीक-डाउनची. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचे. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ज्या गॅरेजात ही चाचणी होत नाही, तिथे पूर्ण इंजिन-कामाचा अंदाजही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झिजण्याचे कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका

नवीन इंजिन बसवले आणि वर्षभरात तेही गेले, अशा तक्रारींमागे बहुधा एकच चूक असते: जुने का गेले याचा शोध झालेलाच नसतो. आपल्या भागात तीन कारणांकडे मुद्दाम बघा. पहिले पाणी. खडकातून उपसलेले बोरचे पाणी जड असते. इथली टंचाई अशी की एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि इथे कितीतरी घरे आजही बोरवर आहेत. तेच पाणी बाटलीत भरून रेडिएटरमध्ये ओतले जाते. थर्मोस्टॅटचे झाकण उघडून पाहा. आतल्या कडेला पांढरट, खरखरीत थर नखाने खरवडून निघाला तर तसाच थर ब्लॉकच्या आतल्या वाटांमध्येही बसलेला असणार. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना एसी लावून तासभर भरधाव चालवल्यावर त्या वाटा पुरेसे पाणी फिरवू शकत नाहीत, हेड वाकते आणि गॅस्केट जाते. कूलंट कंपनीने सांगितलेलेच घ्या आणि त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

दुसरे धूळ. एअर फिल्टरची पेटी नीट न बसल्याने शिरलेली माती बोअर घासून काढते; फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवल्यावर ते मळले तर कारण सापडले म्हणून समजा. तिसरे चालवण्याची पद्धत. नांदेड-लोहा-चाकूर-लातूर-औसा-तुळजापूर असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाल्यापासून गाड्या लांबवर वेगात धावतात, आणि मुक्कामी पोचताच किल्ली फिरवून बंद होतात. तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल तिथेच जळून कोळसा होते. पोचण्याआधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. याच्या जोडीला, आधीच्या मालकाने ताकद वाढवण्यासाठी गाडीचा रिमॅप केला होता का, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदलला होता का, हे विचारून किंवा तपासून घ्या. वाढवलेल्या दाबाने पिस्टन फुटला असेल आणि तोच प्रोग्राम आत राहिला तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.

इंजिन उघडल्यावर काय मोजायचे

चाचण्यांत दोष रिंग-बोअरकडे निघाला तर इंजिन उतरवावे लागते. इथपर्यंतच्या कामाचे पैसे वेगळे ठरवा, पुढचा निर्णय अजून बाकी आहे हे आधीच सांगून ठेवा, आणि मोजमाप चालू असताना लेथ-बोअरिंगच्या कारखान्यात स्वतः हजर राहा. डायल बोअर गेज सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर आडवे-उभे असे दोनदा लावले पाहिजे. एका सिलिंडरचे सहा आकडे, चार सिलिंडरचे चोवीस. वर-खाली फरक पडला तर बोअर निमुळता झालाय, आडव्या-उभ्यात फरक पडला तर तो अंडाकृती झालाय. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजले जावेत. हेडवर आणि ब्लॉकच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकतो का ते पाहिले जावे. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादांशी हे आकडे ताडून बघा. बोटाने चाचपून बोअर ठीक आहे असे सांगणारा कितीही अनुभवी असला तरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला फरक बोटाला कळत नाही, आणि निर्णय त्याच फरकावर ठरतो.

ब्लॉक कशाचा आहे यावरही बरेच अवलंबून आहे. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.८ आणि २.० टीएसआयचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, म्हणून तो बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन बसवण्याचा विचार करता येतो. १.० टीएसआयचा ब्लॉक ॲल्युमिनिअमचा आहे आणि त्या घराण्यातल्या इंजिनांचा क्रँक खाली उतरवू नये, अशी कंपनीची सूचना आहे, कारण बेअरिंग कॅपचे बोल्ट सैल केले तरी ब्लॉकमधला बेअरिंग बसण्याचा भाग ताणमुक्त होऊन वाकतो. तिथे क्रँक खराब निघाला तर शॉर्ट ब्लॉक, म्हणजे क्रँक-पिस्टन आत जुळवलेला ब्लॉक, हाच खरा मार्ग. या दोन गाड्यांना एकच सल्ला देणाऱ्याने तुमची गाडी नीट पाहिलेली नाही.

एक नियम मोडू देऊ नका: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही. बोअर पिस्टनच्या मापाला जुळवायचा असतो. आधी बोअर करून मग त्या मापाचे पिस्टन मिळतात का ते शोधत बसलात, तर गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात पडून राहील. भारतातून फियाटने २०१९ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये कारभार आवरला, त्यामुळे त्यांच्या गाड्यांच्या मालकांनी तर सुट्या भागांची खात्री करूनच इंजिन उघडावे.

तीन पर्याय

*स्वतःचे इंजिन बांधणे.* ब्लॉक आणि क्रँक मर्यादेत किंवा दुरुस्तीजोगे असतील तर हाच पहिला पर्याय. तुमचा इंजिन क्रमांक कायम राहतो, आरसीला हात लावावा लागत नाही, आणि आत काय नवे आहे ते तुम्हाला नेमके माहीत असते. मात्र अर्धे काम करू नका. रिंग बदलल्या आणि बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग चेन, वॉल्व्ह सील, वॉटर पंप जुनेच ठेवले, तर नव्या दाबाखाली जुना भाग आधी दगा देतो. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बहुतेक आधुनिक इंजिनांत एकदाच वापरण्याचे असतात. ते नवे आहेत की नाही ते बिलात पाहा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, म्हणून इंजिन उघडलेच आहे तर इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि सीलही त्याला चालणारे टाकून घ्या.

*कंपनीचा नवीन शॉर्ट ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन.* ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉडने भिंत फोडली असेल किंवा वरच्यासारखी कंपनीची मनाई असेल तर हे करा. खर्च सर्वांत जास्त, पण वॉरंटी लेखी मिळते. किंमत विचारताना वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला आहे, हे लक्षात ठेवा. जुन्या २८ टक्क्यांवर काढलेला अंदाज असेल तर नवा मागा.

*उतरवलेले इंजिन.* मुंबईतले कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट्टई हे यासाठी प्रसिद्ध बाजार. अपघातात गेलेल्या, पण इंजिन शाबूत राहिलेल्या गाडीतून आलेला माल चांगलाही असू शकतो. अडचण अशी की त्याने किती किलोमीटर धाव घेतली आणि ते कसे तापले, याचा पुरावा नसतो. विकणारा चालू करून दाखवतो तो मिनिटभर. तुमच्याच गाडीत असलेल्या कमकुवत रिंग त्यातही असू शकतात. आणि चोरीचा धोका खरा आहे: मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या मोडून विकल्या जात होत्या, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद करावा लागला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वतःला वाचवण्यासाठी तुमच्याकडे मूळ गाडीच्या आरसीची प्रत, ती मोडीत काढल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक लिहिलेले जीएसटी बिल, तिन्ही हवीत.

नेहमीच्या हरकती

पहिली हरकत पैशांची: उतरवलेले इंजिन स्वस्त पडते. पडते, पण तुलना पूर्ण करा. त्यात वाहतूक, बसवण्याची मजुरी, नवे गॅस्केट आणि सील, चेन आणि पंप, आरटीओचे काम धरा; शहाणा मालक बसवण्याआधी ते उघडून तपासणार, त्याचाही खर्च धरा. एवढे केल्यावर स्वतःचे इंजिन बांधण्याशी उरलेला फरक बराच आटतो. न तपासता बसवले तर तुम्ही जुगार खेळत आहात.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: टर्बो पेट्रोल इंजिन बांधणारे हात आपल्याकडे आहेत का? बोलेरो, स्कॉर्पिओ आणि ट्रॅक्टरची डिझेल इंजिने बांधण्यात इथले मिस्त्री आणि लेथवाले कमी नाहीत. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामे तीच आहेत. उणीव असते ती चेनचे टायमिंग लॉक करणारी अवजारे, अंशात फिरवून बोल्ट आवळण्याची शिस्त आणि कंपनीचे मॅन्युअल यांची. म्हणून विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा: हेच इंजिन याआधी बांधले आहे का, लॉकिंग टूल दाखवाल का, आवळण्याचे आकडे कुठून घेता? उत्तरे मिळाली नाहीत तर पुणे, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर गाठा. ऑक्टाव्हियाची जुळणी मराठवाड्यातच, शेंद्र्याला, होत असे, पण तेवढ्यावरून तिचे पिस्टन जवळच्या दुकानात मिळतील असे धरू नका.

तिसरी हरकत: एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकावी. हे कधीकधी बरोबर असते. एकूण अंदाज गाडीच्या चालू बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, गिअरबॉक्सचेही काम डोक्यावर असेल, किंवा नोंदणीची १५ वर्षे भरत आली असतील, तर विकण्याचा विचार करा. विकताना दोष सांगूनच विका. गाडी अजून चार-पाच वर्षे ठेवायची असेल तर हाच खर्च परवडतो.

आरटीओ आणि विमा

इंजिन बदलले की आरसीतला क्रमांक बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत त्याची नोंद करावी लागते. ट्रॅव्हल्सवाल्यांना परवानगी लागत नाही असे कोणी सांगितले, तर ती सवलत दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने असणाऱ्यांपुरती, राज्याच्या अधिसूचनेने, आणि त्याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या इंजिनासाठी देता येते. खासगी मोटारीला ती लागू नाही. मोठे किंवा वेगळ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह टाळा. नियमाबाहेरच्या फेरबदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. एमएच-२६ असो की एमएच-२४, इंजिन विकत घेण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन कागदांची यादी घ्या, आणि कर्ज असेल तर बँकेला आधी कळवा.

नवा क्रमांक विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर पुढे दावा अडतो. नेहमीची झीज विम्यात बसत नाही. पाणी शिरून इंजिन अडकल्याची भरपाई सहसा इंजिन संरक्षणाचे जादा कव्हर घेतलेल्यांनाच मिळते.

गॅरेजशी करार आणि तुमचे हक्क

- लेखी अंदाज घ्या. त्यात भाग, मजुरी, लेथचे काम वेगवेगळे हवे. अंदाजापेक्षा जास्त काम करण्याआधी तुमची लेखी संमती लागेल, हे जॉब कार्डवर लिहून घ्या.
- इंजिन क्रमांकाचा आणि किलोमीटरचा फोटो गाडी सोडतानाच काढा.
- काढलेले सर्व जुने भाग परत मागा.
- वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर, आणि त्यात मजुरी धरली आहे का, हे लेखी घ्या.
- बिलाशिवाय काम करून करापुरते पैसे वाचवू नका. बिल नसेल तर पुढे दाद मागताना हातात काहीच उरत नाही.

बिलावरून वाद झाला तर एक गोष्ट माहीत असू द्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० खाली, केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून भांडत बसून गाडी तिथेच ठेवण्यापेक्षा, हरकत नोंदवून पैसे देत असल्याचे लेखी कळवा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे इंजिन पुण्यात किंवा हैदराबादेत बांधले असले तरी नांदेडचा ग्राहक नांदेडमध्ये दाद मागू शकतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडण्याआधी पहिल्याला लेखी कळवा आणि फोटो काढून ठेवा. नाहीतर दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड होते.

बांधून झाल्यावर

पहिले १,००० किलोमीटर एकाच वेगाने चालवू नका. नांदेड-लातूर महामार्गावर क्रूझ लावून तासभर एकाच आरपीएमवर पळवल्याने रिंग नीट बसत नाहीत. वेग कमी-जास्त करत, पूर्ण ॲक्सिलरेटर न देता चालवा. बांधणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर, सहसा ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत, ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहा. त्याच वेळी कॉम्प्रेशन पुन्हा मोजून आकडे बिलाला जोडून ठेवा. वॉरंटीच्या मुदतीत ऑइल पुन्हा कमी होऊ लागले तर तुलनेला हेच आकडे लागतील.